काल चालत होते, आज का नाही?

वाचकहो, इतिहास शिकविणाऱ्या माणसाने लॅपटॉपविषयी बोलावे, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटेल. मलाही पूर्वी वाटले असते. संगणक हा शास्त्राच्या मास्तरांचा विषय. आपल्याला आपल्या बखरी आणि ताम्रपट बरे, अशी माझी समजूत होती. ती समजूत एका दिवाळीच्या सुटीत मोडली, आणि मोडली तीही अशी, की तो दिवस आठवला म्हणजे अजून पोटात गोळा उठतो.

त्याचे असे झाले. १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी सांगणारी माणसे आता थोडी उरली आहेत. दुष्काळी कामावर खडी फोडलेली, सुकडी खाऊन दिवस काढलेली, गुरे सोडून दिलेली अशी चाळीसेक म्हातारी माणसे मी सहा वर्षे गावोगाव हिंडून गाठली होती. त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित केले होते आणि त्यावरून टिपणे तयार केली होती. सारे माझ्या लॅपटॉपमध्ये होते. दुसरी प्रत कोठे आहे, असे कोणी विचारले असते तर मला उत्तर देता आले नसते.

लॅपटॉप पुष्कळ दिवस मला सांगत होता, की नवी ऑपरेटिंग सिस्टीम तयार आहे, चढवू का? सुटीत निवांतपणा होता. रात्री जेवण झाल्यावर मी होकार दिला आणि झोपलो. सकाळी पाहतो तो पडदा कोरा. माझा एकही फोल्डर जागेवर नाही. आवाजाच्या चिन्हावर तांबडी फुली. पेन ड्राइव्हवर एक मराठी टिपण होते, ते उघडले, तर मराठीच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता चिवडा. तालुक्याच्या गावी एका दुकानात यंत्र घेऊन गेलो. दुकानदाराने दोन मिनिटे पाहिले आणि म्हणाला, “फॉरमॅट मारावा लागेल, सर. आतलं काही राहणार नाही. उद्या या.” दुकानात गर्दी होती, त्याला मी दोष देत नाही. पण माझा हात यंत्रावरून निघेना. ते तसेच काखेत मारून मी परत आलो.

आमच्याच महाविद्यालयातून बी. ए. झालेली एक मुलगी आता पंचायतीच्या कचेरीत संगणकाचे काम पाहते. तिला मी बोलावून घेतले. तिने यंत्राला हातही लावला नाही. आधी विचारले, “सर, परवा रात्री आणि काल सकाळी यांच्यामध्ये नेमकं काय काय बदललं, ते मला क्रमानं सांगा बरं.”

वाचकहो, वीस वर्षे वर्गात मी मुलांना हाच प्रश्न विचारीत आलो आहे. आधी काय होते, नंतर काय झाले, मध्ये काय बदलले? स्वतःवर पाळी आली तेव्हा मात्र तो मला सुचला नाही. तिने पुढे काय केले ते मी सांगणारच आहे. पण त्यापूर्वी ही ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे काय, आणि ती बदलली म्हणजे धडधाकट यंत्र एकाएकी मुके-बहिरे का होते, याचा थोडा इतिहास पाहू. तो समजला म्हणजे निम्मी भीती जाते.

आरंभीचे संगणक खोलीएवढे होते आणि त्यांच्यात ऑपरेटिंग सिस्टीम नव्हतीच. एक काम संपले की माणूस उठे, दुसऱ्या कामाची तयारी करी आणि यंत्र पुन्हा सुरू करी. महागामोलाचे यंत्र तोवर रिकामे बसे. १९५६ मध्ये अमेरिकेतील जनरल मोटर्स आणि नॉर्थ अमेरिकन एव्हिएशन या दोन कारखान्यांच्या मंडळींनी आय.बी.एम. ७०४ या संगणकासाठी एक व्यवस्था लिहिली. एक काम संपताच ती आपण होऊन दुसरे सुरू करी. पहिल्या ऑपरेटिंग सिस्टीम म्हणून ज्यांची नावे घेतात, त्यांतली ही एक. म्हणजे हिचा जन्म कारभाऱ्याच्या कामासाठी झाला. यंत्र कोणी, केव्हा, किती वापरावयाचे, हे ठरविणारा कारभारी.

पण कारभाऱ्याला सगळ्यांची भाषा येत नाही. छपाईचे यंत्र, ध्वनीचा भाग, बिनतारी जोडणीचा भाग, पडद्यावर चित्र उमटविणारा भाग, हे निरनिराळ्या कारखान्यांत झालेले असतात आणि प्रत्येकाची बोली वेगळी. तेव्हा मध्ये दुभाष्ये लागतात. जुन्या दरबारांत फिरंगी वकील आला म्हणजे दुभाष्यावाचून बोलणे होत नसे, तसेच हे. संगणकाच्या दुनियेत या दुभाष्याला ‘ड्रायव्हर’ म्हणतात. गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरशी त्याचा संबंध नाही; हा लहानसा प्रोग्राम असतो. आता दरबारात नवा कारभारी आला आणि त्याने बोलण्याचे रिवाज बदलले, तर काय होईल? वकील तोच, दरबारही तोच. पण दुभाष्याला नवा रिवाज ठाऊक नाही. बोलणे बंद पडते. आपण म्हणतो, लॅपटॉप बिघडला. वास्तविक बहुतेक वेळा काहीच मोडलेले नसते. दोघांमधला करार तुटलेला असतो.

हा करार टिकविण्याची धडपड हाच या विषयाचा खरा इतिहास आहे. पूर्वी नवा संगणक घेतला की जुने प्रोग्राम पुन्हा लिहावे लागत. आय.बी.एम. कंपनीने ७ एप्रिल १९६४ रोजी ‘सिस्टीम ३६०’ या नावाचे संगणकांचे एक घराणेच जाहीर केले. लहान यंत्रावर लिहिलेला प्रोग्राम त्याच घराण्यातील मोठ्या यंत्रावरही चालावा, ही त्यामागची कल्पना. कल्पना मोठी होती, पण तिच्यासाठी लिहावयाची ऑपरेटिंग सिस्टीम वेळेवर पुरी होईना. ते काम पाहणारे फ्रेडरिक ब्रुक्स यांनी पुढे १९७५ मध्ये आपला अनुभव पुस्तकरूपाने मांडला. त्यातली एक गोष्ट आपण ध्यानात ठेवण्यासारखी आहे. प्रोग्राममधला एक दोष दुरुस्त करताना दुसरा नवा दोष आत शिरण्याची शक्यता वीस ते पन्नास टक्के असते, असे त्यांनी लिहिले. म्हणजे दुरुस्ती ही सुद्धा एक जोखीम आहे. छपराचा एक पत्रा बदलताना शेजारचा सैल होतो, हे आपल्याला काही नवे नाही.

पुढे संगणक घरात आला. २४ ऑगस्ट १९९५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीची ‘विंडोज ९५’ बाजारात आली. जुने प्रोग्राम तिच्यावर चालावेत म्हणून ती तयार करणाऱ्यांनी किती खटाटोप केला, याची एक गोष्ट जाणकार सांगतात. ‘सिमसिटी’ नावाच्या एका खेळात चूक होती. आपण सोडून दिलेली स्मरणातील जागा तो लगेच पुन्हा वापरी. जुन्या प्रणालीत ते खपून जाई, नव्या प्रणालीत खेळ बंद पडे. तेव्हा विंडोजकर्त्यांनी अशी तजवीज केली, की हा खेळ चालू आहे असे दिसले तर त्याच्यापुरती ती जागा लगेच काढून घेऊ नये. दुसऱ्याची चूक पोटात घालून करार पाळला, असे म्हणा.

याच विंडोज ९५ मध्ये ‘सेफ मोड’ आला. घरात भांडण लागले की शहाणा माणूस सगळ्यांना बाहेर काढतो आणि दोघा-तिघांनाच आत बसवून विचारतो, तसा हा प्रकार आहे. सेफ मोडमध्ये यंत्र अगदी जरुरीपुरते दुभाष्ये घेऊन सुरू होते. तेथे ते नीट चालले, तर समजावे, की ऑपरेटिंग सिस्टीमचा मूळ गाभा बहुधा शाबूत आहे. बाहेर ठेवलेल्यांपैकी कोणाशी तरी तिचे बिनसले आहे.

पण करार नेहमीच पाळले गेले नाहीत. ३० जानेवारी २००७ रोजी ‘विंडोज व्हिस्टा’ लोकांच्या हाती आली. तिच्यात चित्र आणि ध्वनी यांची आतली व्यवस्था नव्याने बांधली होती. पुष्कळ कारखान्यांचे दुभाष्ये तयार नव्हते. चांगले चालणारे छपाईयंत्र, चांगला वाजणारा ध्वनी नव्या प्रणालीखाली बंद पडला आणि लोक जुन्या ‘एक्सपी’कडे परतू लागले.

त्याहून गंभीर प्रकार २०१८ साली घडला. २ ऑक्टोबरला ‘विंडोज १०’ची सहामाही सुधारणा बाहेर पडली आणि काही लोकांच्या कागदपत्रांचे फोल्डर रिकामे झाले. कारण मोठे शिकण्यासारखे आहे. या लोकांनी आपल्या कागदपत्रांची जागा पूर्वी बदलली होती. पण काही फाइली जुन्या जागी राहिल्या होत्या. जुना फोल्डर म्हणजे रिकामी अडगळ, असे समजून नव्या प्रणालीने तो आत न पाहता काढून टाकला. कंपनीने चार दिवसांच्या आत वाटप थांबविले आणि दुरुस्त आवृत्ती १३ नोव्हेंबरला पुन्हा दिली. अशा तक्रारी दहा हजारांत एक, इतक्याच होत्या, असेही तिने सांगितले. पण ज्याचे दहा वर्षांचे काम गेले, त्याच्या दृष्टीने दहा हजारांचा हिशेब काय कामाचा? आणखी एक गोष्ट उघड झाली. चाचणी घेणाऱ्या काही लोकांनी हा दोष आधीच कळविला होता. ती पत्रे ढिगात खाली राहिली. त्यानंतर तक्रार किती गंभीर आहे, हे सांगण्याची सोय कंपनीने केली.

अलीकडचे उदाहरण आपणांपैकी पुष्कळांना आठवत असेल. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या संरक्षण-प्रोग्राम करणाऱ्या कंपनीची एक सदोष फाइल जगभर गेली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लाख संगणक निळा पडदा दाखवून थांबले. विमाने अडली. भारतातल्या काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले पास द्यावे लागले. सदोष फाइल थोड्याच वेळात मागे घेतली गेली. पण जे संगणक आधीच अडकले होते, त्यांतल्या असंख्य संगणकांपाशी माणसाने जाऊन, ते सेफ मोडसारख्या अवस्थेत सुरू करून, ती एक फाइल काढावी लागली. १९९५ ची युक्ती २०२४ साली उपयोगी पडली ती अशी.

आता माझ्या लॅपटॉपकडे वळू. मी सारा क्रम सांगितल्यावर त्या मुलीने एक कोरा कागद घेतला आणि तीन ओळी लिहिल्या: फोल्डर नाहीत, आवाज नाही, मराठी नाही. म्हणाली, “सर, ही एकच बिमारी असेल असं धरू नका. तीन वेगळ्या असतील.” आणि दुसरी गोष्ट म्हणाली ती ही, की दुरुस्ती नंतर, आधी प्रत.

तिने वापरकर्त्यांची खाती ज्या फोल्डरात असतात, तो उघडला. तेथे दोन खाती दिसली. एक माझ्या नावाचे, जुने. दुसरे यंत्राने त्या सकाळी नव्याने केलेले, तात्पुरते. प्रणाली बदलताना माझे खाते नीट उघडता आले नाही, म्हणून यंत्राने मला पाहुण्यांच्या खोलीत बसविले होते. खोली अर्थातच रिकामी. माझे सामान माझ्याच खोलीत, जेथल्या तेथे होते! चाळीस माणसांचे आवाज, सहा वर्षांची टिपणे, सगळे. तिने ते आधी बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतले. त्याला पाऊण तास लागला. तेवढा वेळ मी अंगणात येरझारा घालीत होतो. अशा तात्पुरत्या खात्यात नवे काही लिहून ठेवू नये, हेही तिने सांगितले. त्यातून बाहेर पडले की ते पुसले जाते.

मग तिने यंत्र दोनदा बंद करून पुन्हा सुरू केले. दुसऱ्या खेपेस माझे मूळ खाते उघडले, आणि त्याबरोबर मराठीही परत आली. त्याचे कारण ऐकण्यासारखे आहे. माझी टिपणे जुन्या पद्धतीच्या टंकात, म्हणजे फॉन्टमध्ये, होती. या टंकांत रोमन अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांची चित्रे बसविलेली असतात. यंत्राच्या लेखी तेथे ‘क’ नसतोच, एखादे रोमन अक्षर असते. टंक त्याच्यावर ‘क’चा मुखवटा चढवितो. माझा टंक फक्त माझ्या खात्यापुरता बसविलेला होता. खाते बदलताच मुखवटा गेला आणि खालचे रोमन उघडे पडले. यावर उपाय फार पूर्वीच निघाला आहे. युनिकोड या जागतिक संकेतात १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, आणि विंडोज २००० पासून ‘मंगल’ टंकासह तशी सोयही यंत्रात आली. युनिकोडमध्ये लिहिलेला ‘क’ कोणत्याही यंत्रात ‘क’च राहतो. शिक्षक बंधुभगिनींनो, आपल्या प्रश्नपत्रिका, शाळेचा इतिहास, गावच्या नोंदी जुन्या टंकात असतील, तर त्या युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्या. मी आळस केला होता.

राहिला आवाज. तेथे दोष दुभाष्याचाच होता. नव्या प्रणालीने जुना ड्रायव्हर काढून सर्वसाधारण ड्रायव्हर बसविला होता. ‘डिव्हाइस मॅनेजर’ नावाच्या भागात जाऊन मागचा ड्रायव्हर परत आणण्याची सोय असते. तिने तो परत आणला. आवाज सुरू झाला.

या सगळ्यात तिने काही जादू केली नाही. एका वेळी एकच बदल केला, प्रत्येक बदलानंतर काय झाले ते कागदावर लिहिले. एकदम पाच गोष्टी करून पाहिल्या असत्या, तर कशाने गुण आला हे कळले नसते, आणि बिघडले असते तर कशाने, हेही कळले नसते. आमच्या शास्त्रातही हेच सांगतात: मूळ साधनाला हात लावण्यापूर्वी त्याची नक्कल घ्या, आणि घटनांचा क्रम लावल्याशिवाय कारणे सांगू नका.

आणखी दोन-तीन गोष्टी सांगून संपवितो. ‘विंडोज १०’ला मिळणारी मोफत सर्वसाधारण दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली, त्यामुळे शाळा-शाळांतून नव्या प्रणालीकडे जाण्याची घाई आहे. ‘विंडोज ११’ला टी.पी.एम. २.० नावाचा सुरक्षेचा भाग लागतो. तो आपल्या यंत्रात आहे काय, हे आधी पाहावे; नसेल तर कोणाच्या तरी सांगण्यावरून आडमार्गाने प्रणाली चढवू नये. चढविल्यावर पटली नाही, तर साधारणतः दहा दिवसांच्या आत मागच्या प्रणालीकडे परतता येते. तोवर जुन्या प्रणालीचा फोल्डर अडगळ म्हणून पुसू नका. आणि काही लॅपटॉपांत सारी माहिती कुलूपबंद असते. बदलानंतर यंत्र ४८ अंकी किल्ली मागू शकते. ती किल्ली आधीच शोधून कागदावर लिहून घरात ठेवावी. त्याच यंत्रात ठेवली, तर तिजोरीची किल्ली तिजोरीत ठेवल्यासारखे होईल.

बदल करूच नये, असे मात्र मी म्हणत नाही. जुन्या प्रणालीची दुरुस्ती थांबली की तिच्या भिंतीला पडलेली भोके बुजवायला कोणी येत नाही. बदल करावाच लागतो. फक्त करण्यापूर्वी आपल्याजवळ काय आहे, याची मोजदाद करावी.

आवाज परत आला, तेव्हा खात्री करण्यासाठी त्या मुलीने सहज एक ध्वनिमुद्रण लावले. ते एका म्हातारीचे होते. ती प्रथम खोकली, मग म्हणाली, “लिव्ह बाबा, सांगते.” ती आदल्या उन्हाळ्यात वारली होती. तिच्या घरी तिचे एक छायाचित्रही नाही. त्या आवाजाची एक प्रत आता माझ्याकडे आहे, एक महाविद्यालयाच्या ग्रंथालयात आहे आणि एक तिच्या नातवाला मी स्वतः नेऊन दिली आहे.

आपल्या यंत्राने आज-उद्या विचारले, की नवी प्रणाली चढवू का, तर लगेच होकार देऊ नका. आधी एक डिस्क घ्या, प्रत काढा, ती दुसऱ्या यंत्रावर उघडते की नाही ते पाहा. आणि मग खुशाल हो म्हणा.